ओइवाचं भिंतीतलं अक्षर

हिर्विकोस्की गावात मार्युत हाउतानिएमीची चेष्टा करायला एकच वाक्य पुरतं: "बाप बुरशी लावून गेला, लेक काढत बसलीय. धंदा घरातल्या घरात!" गेली बावीस वर्षं हेच चाललंय, आणि म्हणणाऱ्या प्रत्येकाला वाटतं की हे आपल्यालाच सुचलं. मार्युत रागावत नाही. "तुझं घर कोणी बांधलं रे?" एवढंच विचारते. "माझ्याच बापानं ना? मग जरा जपून. उद्या मलाच फोन करशील."

आणि करतातच. तिच्या बापानं, ओइवा सुतारानं, या गावात चाळीसेक घरं उभी केली, त्यातली निम्मी सत्तरच्या दशकातली. तेव्हा लोकांना खूळच लागलं होतं. घर बुटकं हवं, दाराला पायरी नको, अंगणातून पाऊल उचललं की थेट बैठकीत! शिकलेसवरलेले लोक तसे नकाशे काढून द्यायचे. त्यापायी भिंतीचं सगळ्यात खालचं लाकूड बाहेरच्या मातीपेक्षाही खाली गेलं, काँक्रीटच्या आड, जिथं ना वारा ना ऊन. लाकडाला ओलीत बसवायचं आणि वरून पन्नास वर्षं नेमानं रंग देत राहायचं, ही अक्कल आमचीच हो, दुसऱ्या कोणाची नाही.

आता तीच घरं कुबट वास मारतात. आत राहणाऱ्याला तो येत नाही, कोटाला चिकटून तो बरोबर फिरतो, आणि चर्चमध्ये शेजारचा माणूस हळूच एक जागा सोडून बसतो. मग कोणीतरी मार्युतला बोलावतं. ती येते, दारात बूट काढते आणि नाप्पीला आत सोडते. नाप्पी ही तिची लांब कानांची तपकिरी कुत्री. बुरशीचा वास आला की तिथं बसायचं आणि सॉसेजच्या तुकड्याची वाट बघायची, एवढंच तिचं शिक्षण. कोणाचं घर, कोणाची अब्रू, याच्याशी तिला काही देणंघेणं नाही.

या कामात मार्युतला एक सुख आहे, जे ती फारसं कोणाला सांगत नाही. ओइवा घरी दिवसाला चार वाक्यं बोलायचा, त्यातली दोन कुत्र्याशी. पण भिंतीवर आतली फळी ठोकण्याआधी तो खांबावर पेन्सिलीनं एखादी ओळ लिहायचा. 'पाऊस. मटाराचं सूप.' 'हातोडी विसरलो. परत गेलो.' एका भिंतीत तर 'मार्युतचा पहिला दात पडला' असं निघालं. बाबांनी ते पाहिलं होतं हेच तिला माहीत नव्हतं! तेव्हापासून भिंत उघडली की मास्क लावून, टॉर्च घेऊन ती आधी अक्षर शोधते आणि मग बुरशी. अशा सदतीस ओळी तिनं वहीत उतरवल्या आहेत. लोकांच्या दुखण्यात आपलं घबाड, याची तिला थोडी लाज वाटते. पण आनंद होतो तो होतोच.

सप्टेंबरात सायमीचा फोन आला. सायमी चौऱ्याऐंशी वर्षांची, नवरा ताइस्तो जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगा इल्का वेगळा राहणारा, लहानपणीच्या पोलिओनं डावा पाय लुळा. तिचं घरही ओइवानंच बांधलेलं.

मार्युतनं दार उघडलं तर आत वेलदोड्याच्या पावांचा असा घमघमाट की डोळे मिटावेत. टेबलावर तीन ताटं भरून पाव.

"काय मावशी, लग्न आहे का कोणाचं?"

"पाहुणा आला तर पाव करू नयेत की काय?"

चोराच्या मनात चांदणं! वास लपवायला लोक पाव भाजतात हे मार्युतला पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. पण एका पाहुणीसाठी तीन ताटं आजवर कोणी भाजली नव्हती.

"हे बघ," सायमी कॉफी ओतत म्हणाली, "इल्का म्हणतो, बुरशी निघाली तर घर पाडायचं आणि मला शहरात तिसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवायचं. म्हाताऱ्यांच्या घरात. लिफ्ट आहे म्हणे, वर काचेचा सज्जा. मी काय कुंडी आहे, सज्ज्यात ठेवायला? तू लिही की काही नाही. तुझ्याच बापाचं काम आहे. त्याचीही लाज राहील."

मार्युतनं नाप्पीकडे बोट दाखवलं. "मावशी, नाक नाप्पीचं आहे. माझ्या हातात काय आहे?"

"मग तिला आधी पाव घाल चार!"

नाप्पीनं पावांकडे पाहिलंसुद्धा नाही. स्वयंपाकघर, बैठक, सॉनाची वाफेची खोली सगळं हुंगत ती झोपायच्या खोलीत गेली, सायमीच्या पलंगाखाली शिरली, आणि उत्तरेच्या भिंतीपाशी बसली. सायमी दारात काठी धरून उभी होती. मार्युतनं सॉसेज दिलं. द्यावंच लागतं.

दुसऱ्या दिवशी इल्काच्या देखत भिंत उघडली. खोली प्लास्टिकनं बंद केली, हवा बाहेर खेचणारा पंखा लावला आणि फळीचा खालचा भाग कापून काढला. खालचं लाकूड कॉफीत बुडवलेल्या टोस्टसारखं हातात आलं. सवयीनं टॉर्च वर गेला. खांबावर ओइवाचं अक्षर होतं, नेहमीपेक्षा मोठं, पेन्सिल रागानं दाबलेली:

'४ जून १९७५. उंबरठा फार खाली. दोनदा सांगितलं. ताइस्तो म्हणतो, सायमीचा पाय उचलत नाही. बरं.'

मार्युतनं ते दोनदा वाचलं. बावीस वर्षं गावाचे टोमणे हसून झेलले होते. आज मास्कच्या आत तिला रडू आलं.

सायमीला खुर्चीवर बसवून, मास्क लावून आत आणलं. म्हातारीनं चष्मा पुसून अक्षर लावलं.

"ताइस्तो मला म्हणाला होता, सगळे असंच बांधतात," ती म्हणाली. "पायऱ्या करायचा आळस, म्हणून मी त्याला आयुष्यभर बोल लावला. हा मेला एकदाही बोलला नाही गं!"

इल्कानं मधेच विचारलं, "म्हणजे पाडायचं ना?" तो काही वाईट माणूस नव्हे. आईच्या खोकल्यानं तो धास्तावला होता, आणि त्याच्या मुली इथं एक रात्र झोपल्या की आठवडाभर शिंकत बसायच्या.

"बुरशी आहे असं मी लिहिणार," मार्युत म्हणाली. "मावशी, राग मानू नका. आठ मीटर भिंत गेलीय. पण बाकीच्या तीन भिंती मी सकाळी टोचून पाहिल्या, खडखडीत कोरड्या आहेत. इल्का, घराला बूट घालता येतील."

भिंतीचा तळपाय कापून तिला नवा आधार द्यायचा, याला आमच्याकडे बूट घालणंच म्हणतात. सडलेलं सगळं काढायचं, खाली विटांची रांग बसवायची, नवं लाकूड मातीच्या वर घ्यायचं, आणि बाहेरून चर खणून पाणी वळवायचं.

"आणि उंबरठा?" सायमीनं विचारलं.

"आहे तिथंच राहील."

इल्कानं डोकं खाजवलं. "परत वास आला तर?"

"बंद करण्याआधी नाप्पीला फिरवू. ती बसली तर पाडणाऱ्याला मीच फोन करीन. अजून काय हवं?"

सात आठवडे सायमी गावातल्याच बहिणीकडे राहिली, आणि बहिणीनं तिला पुरेपूर छळलं. इकडे मार्युत आणि दोन गवंडी राबत होते. गावातल्या दुकानात मात्र सायमीनं काठी आपटून जाहीर केलं, "ओइवानं दोनदा सांगितलं होतं! दोनदा! लेखी आहे!" त्या दिवसापासून ते जुनं वाक्य कोणी काढलं की बाकीचेच त्याला गप्प करू लागले.

नोव्हेंबरात भिंत वाळली. एका गुरुवारी सकाळी इल्का आईला घेऊन आला. त्या दिवशी पाव नव्हते, कॉफीसुद्धा नव्हती. मार्युतनं नाप्पीला सोडलं. कुत्री उत्तरेच्या भिंतीशी गेली आणि थांबली. नाक खाली. सायमीनं मुलाची बाही घट्ट धरली. नाप्पीनं नव्या लाकडाचा एक लांब वास घेतला, पुढं गेली, कोपरा फिरली आणि शेपूट हलवत परत आली.

"नाही बसली," इल्का म्हणाला.

"मला दिसतंय, मी आंधळी नाही," सायमी म्हणाली आणि ढसाढसा रडली.

फळ्या ठोकायच्या राहिल्या होत्या. जुना खांब वरून शाबूत होता, मार्युतनं तो मुद्दाम ठेवला होता. सायमीनं हात पुढं केला. "दे पेन्सिल."

मार्युतच्या खिशात बापाचीच चपटी पेन्सिल असते. सायमी खुर्चीत पुढं वाकली आणि ओइवाच्या ओळीखाली सावकाश लिहू लागली:

'ओइवा, तुझं बरोबर होतं. ताइस्तोचंही. मी इथंच आहे. सायमी.'

मग मार्युतनं पेन्सिल घेतली आणि त्याखाली काहीतरी खरडलं.

"काय लिहिलंस गं? चष्मा काढला मी."

"गुरुवार. ऊन. मटाराचं सूप," मार्युत म्हणाली, आणि तिनं फळी उचलली.