साडूंचा आतला मोशे

पिंपळवंडीचे आमचे साडू ज्याचा अर्थ लावत नाहीत, अशी गोष्ट देवाने अजून निर्माण केलेली नाही. साधं 'कसं काय' विचारलं तरी 'कुणाला इचारताय, या देहाला का आतल्याला?' असा उलटा सवाल येतो आणि आपला चहा निवतो. तसा त्यांचा सगळा जन्म कांदा-टोमॅटोत गेला. पण हर्नियाच्या ऑपरेशननंतर दवाखान्यात पडून असताना शेजारच्या खाटेवरच्या ख्रिस्ती गृहस्थांनी वेळ जावा म्हणून त्यांना मराठी बायबल वाचायला दिलं आणि घरी जाताना भेटच देऊन टाकलं. त्या भल्या माणसाला मी अजून क्षमा केलेली नाही.

साडूंनी धर्म बदलला नाही. सोमवारचा उपास, खंडोबाची तळी, सगळं जागच्या जागी आहे. फक्त त्यांना असा शोध लागला की त्या पुस्तकातली माणसं बाहेर कुठे नव्हतीच, ती आपल्या आतच राहतात. "मोशे म्हंजी आपली कल्पना, पावणं. त्याच्या मानसांना गुलाम करून ठिवणारा फारो राजा म्हंजी आपलं भ्यालेलं मन. ते तिला सोडीत नाय, आन ती गेल्याबिगर ऱ्हात नाय." तेव्हापासून विहिरीवरची मोटार बंद पडली की फारो आणि चालू झाली की मोशे. जुन्नरला जाऊन त्यांनी एका चर्चच्या पाळकांनाही गाठलं आणि योनाला गिळणारा मासा म्हणजे माणसाची उदासी, हे त्यांना समजावत बसले. पाळक शेवटी हात जोडून म्हणाले, "अहो, पण तो खरंच गेला होता हो माशाच्या पोटात!" साडूंनी बाहेर येऊन मला निकाल सांगितला, "मानूस लई चांगला हाय, पन दारातच उभा हाय."

एकदा भरदुपारी उसाच्या कडेने चालताना ते मला दानिएल समजावत होते. "त्याला ज्या गुहेत टाकलं, तिथलं सिंह म्हंजी आपलंच इचार. त्यांच्याकडं पाठ करून आतल्या उजेडाकडं बघितलं की त्यांची तोंडं आपोआप बंद." एवढ्यात ऊस सळसळला आणि बिबट्याची शेपटी दिसली. "आणि हा कोण?" मी कसंबसं विचारलं. "ह्यो बिबट्या हाय. पळा!"

माझ्या मुलासाठी बोरी बुद्रुकला मुलगी बघायला गेलो, तेव्हा मी त्यांना गाडीतच बजावलं होतं की आज शास्त्र नको. ते बराच वेळ गप्प होते. मग मुलीची धाकटी बहीण पाणी घेऊन आली आणि त्यांचा चेहरा उजळला. "याकोबाचं असंच झालं व्हतं. त्याला पायजे व्हती धाकटी, सासऱ्यानं गळ्यात घातली थोरली!" साडू सावरायला गेले, "राग नका मानू राव. थोरली म्हंजी आपली रोजची रडकथा, धाकटी म्हंजी मनातली विच्छा." मुलीच्या वडिलांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. मुलाचं लग्न पुढे दुसरीकडे जमलं, पण सुपारी फुटेपर्यंत साडूंच्या कानावर मी काही जाऊ दिलं नाही.

मागच्या वर्षी त्यांच्या बायकोला, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला, अर्धांगवायूचा झटका आला. तिला आम्ही सगळेच अक्का म्हणतो. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. त्या घरात साडूंना आवरणारा तेवढा एकच आवाज होता. आम्ही दोघं मंचरहून भेटायला गेलो, तर साडू तिच्या खाटेशेजारी डोळे मिटून बसलेले.

"काय करताय?" मी विचारलं.

"ऐकतोय. शास्त्रातल्या जखऱ्याची वाचा अशीच गेली व्हती. गेली न्हवती, आत थांबली व्हती. आज ही मला म्हनली, चिखलाचं पाय घिऊन घरात आला तर बघा."

मी भडकलो. "अहो, तिला डॉक्टर लागतो, व्यायाम लागतो! कल्पनेने जीभ हलते का कुणाची?" बायकोने माझी बाही ओढली.

साडू चिडले नाहीत. "डाक्टर हायच की. रोज नेतोय नारायणगावला. पन पावणं, तिचा आवाज मीच इसरलो, तर तिनं परत येयाचं कुठं?"

याचाही मला रागच आला.

पुढे कित्येक महिने तोच क्रम. सकाळी नारायणगाव, हाताचा व्यायाम, घरी आरशासमोर 'आ' आणि 'ई'. दुपारी डोळे मिटून ऐकणं. मग संध्याकाळी मला फोन, "आज काय म्हनली म्हायती हाय का?" मी फोन कानापासून लांब धरून हुंकार भरायचो.

दिवाळीनंतर एका सकाळी आम्ही त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. अक्का उन्हात खुर्चीवर होती. मेलेला लाजर हाक ऐकून थडग्यातून कसा बाहेर आला, हे साडू मला समजावत होते आणि मी नेहमीसारखा रस्त्याकडे बघत होतो. तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला. जाड, ओबडधोबड, पण स्पष्ट शब्द.

"अवं."

लग्न झाल्यापासून ती त्यांना एवढीच हाक मारायची. साडू बोलता बोलता थांबले. मला वाटलं, आता याचा अर्थ येणार. खरं सांगतो, त्या दिवशी मी तो कितीही वेळ ऐकून घेतला असता. पण ते उठले, तिच्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "काय गं?"

पुढचं अक्काला सापडेना. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. साडू तसेच बसून राहिले, जराही घाई न करता.