तीन दिवसांच्या बर्फाचे हप्ते

बौकेइतका हट्टी माणूस आमच्या गावात दुसरा नाही, आणि त्याची पोरगी यिल्दौ म्हणजे त्याच्यावरही कडी. मी एकतीस वर्षं त्यांच्या शेजारी राहतेय. मधे एक कुंपण आहे, तेही मोडकं. त्यामुळे यिल्दौची हकीकत सांगायचा हक्क माझाच, दुसऱ्या कुणी सांगितली तर तिखटमीठ लावून सांगेल. मीही थोडं लावीन, पण बेतानं.

यिल्दौ आता जवळच्या स्नेक शहरात शिडं शिवते. गलबतांची, होड्यांची, गावोगावच्या शर्यतींत उतरणाऱ्या जुन्या मालवाहू बोटींची. तळहात बघाल तर चांभारासारखे घट्टे पडलेत. सकाळी सायकलवर शीळ घालत जाते, संध्याकाळी शीळ घालत येते. मी एकदा म्हटलं, "तुझ्याएवढी सुखी बाई मी पाहिली नाही, जरा तरी कुरकुर कर, आम्हाला बरं वाटेल." तर म्हणते, "मावशी, कुरकुर करायला बाबा आहेत की."

ते मात्र खरं.

पोरगी शाळेत हुशार, म्हणून ग्रोनिंगेनला विद्यापीठात औषधशास्त्र शिकायला गेली. सरकारची शिष्यवृत्ती दर महिन्याला खात्यावर जमा व्हायची. नाताळला घरी आली तेव्हाच मला कुजबुजली, "मावशी, मला नाही जमत. त्या बाटल्या बघितल्या की झोप येते." मी म्हटलं, "मग सोड." सोडायचं तिनंही ठरवलं होतं. आमच्याकडे नियम असा होता, की पहिल्याच वर्षी एक फेब्रुवारीपर्यंत रीतसर नाव काढलं तर मिळालेली शिष्यवृत्ती माफ. एक दिवस जरी उशीर झाला तरी ते सगळं कर्ज, पै न् पै परत करायचं. हे तिला तोंडपाठ होतं. अर्ज भरून खोलीतल्या टेबलावर ठेवलेला होता. शुक्रवारी जाऊन द्यायचा, बस.

आणि गुरुवारी कालवा गोठला.

बौके तेव्हा गावचा बर्फमास्तर. म्हणजे थंडी पडली की पहाटे उठून कालव्यावर जायचं, भोक पाडून जाडी मोजायची, आणि बर्फावर उतरायचं की नाही ते सांगायचं. त्यानं हो म्हटल्याशिवाय कुत्रंसुद्धा बर्फावर पाय ठेवत नसे. पाच वर्षं नुसता चिखल आणि पाऊस, आणि त्या गुरुवारी अकरा सेंटिमीटर. बौकेनं बायकोला सांगायच्या आधी लेकीला फोन लावला. मी त्यांच्या स्वयंपाकघरातच बसले होते, सगळं ऐकलं.

"यिल्दौ, अकरा."

तिकडून ती काहीतरी अर्जाचं म्हणाली.

"अगं, अर्ज सोमवारी देता येईल. बर्फ थांबणार आहे का सोमवारपर्यंत?"

पोरगी दोन तासांत दारात. स्केट खांद्यावर, तोंडभर हसू. शुक्रवार, शनिवार, रविवार, तीन दिवस अख्खं गाव कालव्यावर होतं. शाळा बंद, बँकेत कुणी नाही, डॉक्टरसुद्धा बर्फावर. मी पुलाखाली टपरी टाकली होती, वाटाण्याचं दाट सूप आणि गरम चॉकलेट. रविवारी दुपारपर्यंत हंडा खरवडून संपला. सोमवारी पाऊस आला, बर्फ गेलं, यिल्दौ ग्रोनिंगेनला गेली आणि अर्ज देऊन आली. तारीख दोन फेब्रुवारी.

आता तुम्ही म्हणाल, शहाण्यासुरत्या माणसांना एवढं कळू नये? नाही कळत. कालव्यावर बर्फ धरलं की आमच्या माणसांना स्वतःच्या लग्नाची तारीख सांगितली तरी कळणार नाही.

दहा दिवसांनी वित्स्केचा, म्हणजे यिल्दौच्या आईचा, वाढदिवस होता. आमच्याकडे वाढदिवस म्हणजे भिंतीकडेनं खुर्च्या मांडून गोल बसायचं, सगळ्यांनी सगळ्यांचं अभिनंदन करायचं आणि केकचा एक तुकडा दोन तास पुरवायचा. त्या गोलात बसून यिल्दौनं शांतपणे सांगितलं, "पत्र आलंय. एका दिवसानं चुकलं. दोन हजार पाचशे त्र्याऐंशी युरो परत करायचेत."

वित्स्केचा भाऊ सीब्रन म्हणाला, "म्हणजे दिवसाला एक वाटी धरली, तर या गेस्केचं सूप आठशे साठ युरोला एक वाटी पडलं."

सगळे हसले. यिल्दौ तर पोट धरून. मी म्हटलं, "त्यात सॉसेजही होतं म्हटलं." फक्त बौके हसला नाही. तो खिडकीतून कालव्याकडे बघत बसला. दुसऱ्या दिवशी बर्फाची कामं बघणाऱ्या गावच्या मंडळाकडे जाऊन त्यानं बर्फमास्तरकी सोडून दिली. मला म्हणाला, "ज्याला स्वतःच्या पोरीची तारीख राखता येत नाही, त्यानं गावाला काय सांगावं? मीच तिला बुडवली, गेस्के. या तोंडानं." हे खूळ त्याच्या डोक्यात असं बसलं, की पुढची सात वर्षं निघालं नाही.

त्याला भरवसा वाटेना की पोरगी मनातून रागावलेली नाही. ती हसली की म्हणायचा, मला बरं वाटावं म्हणून हसते. गप्प बसली की म्हणायचा, बघ, पैशाचाच विचार करतेय. पूर्वी दोघं तासन् तास वाद घालायचे, दुधाच्या भावावरून, सीब्रनच्या कुत्र्यावरून, कशावरूनही. ते बंद झालं. बौके लेकीशी पाहुण्याशी बोलावं तसं जपून बोलायला लागला. यिल्दौला पैशाचं काही वाटत नव्हतं, या जपून बोलण्याचं वाटायचं. एकदा कुंपणापाशी मला म्हणाली, "मावशी, कर्ज फिटेल हो. बाबा परत भांडायला लागतील का, ते सांगा."



दोन वर्षांनी जानेवारीत वित्स्के गेली. छातीचं दुखणं, तीन आठवड्यांत संपलं सगळं. आणि त्याच जानेवारीत यिल्दौचे हप्ते सुरू झाले, महिन्याला पंचेचाळीस. कुणीतरी तिला सांगितलं, दहा वर्षांत कुठलीही पदवी घे, अजूनही माफ होईल. ती म्हणाली, "अडीच हजारांसाठी चार वर्षं झोपा काढू?" आणि शिडं शिवायला गेली.

पहिल्या हप्त्यापासून बौकेनं सुरुवात केली. पंचेचाळीस युरो पाकिटात घालून, वेगळं बिऱ्हाड केलेल्या लेकीच्या पत्रपेटीत. रविवारी ती कॉफीला आली की जाताना पाकीट साखरेच्या भांड्याखाली ठेवून जायची. तो पुन्हा टाकायचा, ती पुन्हा आणायची. एक शब्द कुणी बोलायचं नाही. शेवटी बौके ते पाकीट घेऊन माझ्याकडे आला.

"तू दे तिला. तुझे म्हणून सांग."

"मी देते आणि ती घेते? पोरगी तुझी आहे की माझी, तिला ओळखत नाहीस?"

"निदान विचारून तर बघ."

"बौके, मी काय टपालखातं आहे? तूच विचार ना एकदा, की बाई, तुझ्या पोटात राग आहे का."

तो उठून गेला. विचारायची छाती नव्हती त्याची. ती हो म्हणाली तर काय करायचं, हीच भीती. आणि ती न विचारता सांगेल म्हणाल, तर तीही त्याचीच पोरगी. अशी साडेचार वर्षं गेली. मला दोघांचे कान उपटावेसे वाटायचे.

मागच्या ऑक्टोबरातली गोष्ट. रविवारी अकराच्या कॉफीला मलाही बोलावलं होतं. यिल्दौ म्हणाली, "सत्तावन्न हप्ते झाले. आता एकच उरला." बौके कपाटापाशी गेला, एक जाड पाकीट काढून टेबलावर टाकलं. दर महिन्याला परत आलेले सगळे पैसे त्यात होते.

"घे," तो म्हणाला. "आता तरी घे. माझ्यामुळे गेलेत ते. मी फोन केला नसता तर तू अर्ज दिला असतास."

"दिला असता."

"मग?"

"मग काय? मी शुक्रवारी अर्ज देऊन आले असते, शनिवार-रविवार तिकडेच खोलीत झोपले असते. मग त्या रविवारी आईला बर्फावर कुणी नेलं असतं?"

तो रविवार मला टपरीतून दिसला होता. वित्स्केचे गुडघे गेल्याला तेव्हा आठ वर्षं झाली होती, ती काठावर उभी राहून बघायची फक्त. त्या दिवशी यिल्दौनं तिला स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवलं, पांघरुणात गुंडाळलं आणि खुर्ची ढकलत पुढच्या गावापर्यंत नेलं, चर्चच्या मनोऱ्यापर्यंत, आणि परत. येताना वित्स्के पुलाखाली माझ्याकडे बघून ओरडली होती, "गेस्के, मी चाललेय, बघ." नाक लाल झालेलं, डोळ्यांतून पाणी, आणि हसतेय वेड्यासारखी. त्यानंतर आमच्याकडे कालव्यावर धड बर्फ धरलंच नाही.

"बाबा, तिला मी ढकललं," यिल्दौ म्हणाली. "पाच किलोमीटर जाताना, पाच येताना. त्याचे पैसे मी भरणार. तुम्ही भरलेत तर तो दिवस तुमचा होईल, आणि मला तो कुणालाही द्यायचा नाही. तुम्हालासुद्धा नाही. पुन्हा फोन आला तर पुन्हा येईन मी, कळलं? अर्ज गेला खड्ड्यात."

बौके मान वर करून म्हणाला, "सगळं तूच केलंस म्हणे. आणि खुर्ची कुणी आणली काठापर्यंत? पाठीवर घालून?"

"खुर्ची काय, हलकी होती."

"हलकी? सागवानी खुर्ची आहे ती. तुझ्या आजोबांनी केलेली. उचलून दाखव."

"सागवानी कसली, बीचच्या लाकडाची आहे."

"मला शिकवतेस? त्या खुर्चीवर मी लहानाचा मोठा झालो."

"बसून लाकूड कळतं वाटतं?"

बसल्या जागी सात वर्षांचं साचलेलं भांडण सुरू झालं. मी आपली कॉफी प्यायले, गार झालेली. बीचचीच आहे ती खुर्ची, पण मी मधे पडले नाही. बऱ्याच वेळानं यिल्दौ डोळे पुसत म्हणाली, "बरं. खुर्ची तुम्ही आणलीत. मग खुर्चीचे तेवढे द्या."

"किती?"

"शेवटचा हप्ता. अठरा युरो."

बौकेनं जाड पाकिटाला हात लावला नाही. उठला, खुंटीवरच्या कोटाच्या खिशात हात घातला, दहाची एक नोट, पाचाची एक आणि एकेक युरोची दोन नाणी काढली. मग पुन्हा खिसा चाचपून उरलेला एक युरो शोधला. ते सगळं त्यानं तिच्यासमोर ठेवलं. तिनं मोजून घेतलं आणि पर्समध्ये टाकलं.