काळविटांचा वावर

दिवाळीच्या सुट्टीत मी एका अहवालाचं मराठी करून दिलं. मी वाशीमला शाळेत मराठी शिकवते. कारंजा तालुक्यातून, धनजच्या बाजूनं, नवा महामार्ग काढायचा बेत होता आणि तो एका गवताळ माळाला चिकटून जाणार होता. त्या माळावर काळविटं असतात. म्हणून आधी पर्यावरणाची तपासणी, तिचा अहवाल, मग गावकऱ्यांसमोर जनसुनावणी. अहवाल इंग्रजीत होता. त्याचा सारांश मराठीत करून ग्रामपंचायतींत ठेवायचा होता, आणि सल्लागार कंपनीतल्या कुणाला तरी ओळखीतून माझं नाव मिळालं.

माझा भाऊ त्याच बाजूला शेती करतो. त्याच्या शेताची एक कड रस्त्यात जाणार होती, तरी त्याला रस्ता हवा होता. वहिनीला दम्याचा त्रास आहे आणि पावसाळ्यात त्यांच्या गावातून गाडी बाहेर काढणं म्हणजे दिव्य. "तू चांगलं लिव वो," तो फोनवर म्हणाला, जणू माझ्या मराठीवरच रस्ता अवलंबून होता.

काम किचकट होतं. एकेक इंग्रजी वाक्य पाच-सहा ओळींचं. ते फोडून, माणसांना कळेल असं करताना मी पुष्कळ ठिकाणी कात्री चालवली. प्राण्यांच्या भागात एक वाक्य होतं. त्याचा अर्थ असा की, पाहणी केली त्या काळात या पट्ट्यात काळविटांची नियमित ये-जा दिसून आली नाही. मी लिहिलं, 'या पट्ट्यात काळविटांचा वावर नाही.' वाक्य कसं सुटसुटीत झालं! मला ते आवडलंही होतं, हे आता कबूल करते.

पण भावाच्या हरभऱ्यात काळविटं उतरतात, हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. लग्नाआधी मीच डबा वाजवून त्यांना हाकललेलं आहे. मग ते वाक्य लिहिताना माझा हात का थांबला नाही? इंग्रजीतला अहवाल, तज्ज्ञांच्या सह्या, नकाशे. आपल्याला दिसतं ते वेगळं आणि कागदावर असतं ते वेगळं, असं काहीतरी मी मनाशी धरलं असावं.

सुनावणी एका शाळेच्या पटांगणात झाली. मंडप, खुर्च्या, समोर टेबलामागे अधिकारी, बाजूला कंपनीची माणसं. मी भावाबरोबर गेले होते. सुरुवातीला बरेचजण रस्त्याच्या बाजूनं बोलले, काही विरोधात. मग मागच्या रांगेतून एक म्हातारी उठली. ती माळावर बकऱ्या चारते, हे तिनंच सांगितलं. तिच्या हातात माझ्या सारांशाची झेरॉक्स होती.

"मले वाचता येत नाई," ती म्हणाली, "नातीनं वाचून दाखोलं. याच्यात लिवलं का हरनाचा वावर नाई. आता मले सांगा साहेब, हरनाचं वावर कुठून राहीन? वावर तं आमचं हाय. त्यायच्या नावचा सातबारा हाय काय?"

मंडप हसला. आमच्याकडे वावर म्हणजे शेत, हे त्या अधिकाऱ्यांना बहुधा माहीत नव्हतं. ते गोंधळून एकमेकांकडे बघायला लागले. कुणीतरी पुढे होऊन समजावलं की, आजी, वावर म्हणजे इथं फिरणं, येणं-जाणं.

"असं होय," म्हातारी म्हणाली. हसू ओसरलं तरी ती बसली नाही. "मंग तं हे अजूनच खोटं हाय. मी रोज बकऱ्या नेतो तिकडं. नाल्याकडून येतात, दहा-पंधरा असतात कवा कवा. कोनं लिवलं हे?"

कंपनीचा माणूस माइक घेऊन म्हणाला की, मूळ अहवाल पाहावा लागेल. तो पानं उलटत असतानाच मी उभी राहिले. का राहिले कोण जाणे. शेजारी भावानं माझा पदर ओढल्यासारखं केलं.

"मी लिहिलं," मी म्हणाले. "म्हणजे मराठी मी केलं. इंग्रजीत तसं नाही. तिथं म्हटलंय की पाहणीच्या काळात दिसली नाहीत. मी तेवढे शब्द गाळले. चूक माझी आहे."

त्यांतल्या मुख्य अधिकारी म्हणजे एक मध्यम वयाच्या बाई होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे मूळ अहवाल बरोबर आहे?"

"हो," मी म्हणाले, आणि बसले. तिथंच सगळं मिटलं असतं. कंपनीच्या माणसाच्या चेहऱ्यावर सुटल्याची खूण मी पाहिली. पण म्हातारी अजून उभीच होती.

"पाहनी कवा केली मंग?"

"मे महिन्यात," तो म्हणाला.

आता मंडप हसला नाही. एकदम शंभर माणसं बोलायला लागली. "मे मईन्यात वावरात काय असते, ढेकळं!" असं कुणीतरी ओरडलं. हरनं कायले येतील, हरभरा तं थंडीत असते, असं दुसऱ्यानं सांगितलं. रस्ता हवा म्हणणारेही सांगत होते. अधिकारी बाई लिहून घेत राहिल्या. हिवाळ्यात पुन्हा पाहणी व्हावी, असा शेरा त्यांनी वाचून दाखवला आणि सुनावणी संपली.

परत येताना भावानं मोटरसायकल गावाबाहेर काढली. मग म्हणाला, "तुले उठाचं कायले होतं?"

"चूक माझी होती, दादा."

"चूक होती तं घरी बसून सुधरवाची." थोडं पुढे गेल्यावर त्यानं गाडीचा वेग कमी केला. "म्हातारी खोटं नाई बोलली पन."

माझा गोंधळ तिथूनच वाढला. मी ते वाक्य नीट उतरवलं असतं, तर म्हातारीच्या नातीनं ते वाचून सोडून दिलं असतं. पाहणी कधी केली, हे कुणी विचारलंच नसतं. म्हणजे माझ्या चुकीमुळे खरं बाहेर आलं, आणि बरोबर लिहिलं असतं तर झाकलेलं राहिलं असतं? मुलांना शुद्ध आणि नेमकं लिहा म्हणून वर्षानुवर्षं सांगणारी मी, या हिशेबाचं काय करू, मला कळेना.

जानेवारीत कंपनीकडून पाहणीला दोघं आली, एक मुलगी आणि तिचा सहकारी. त्यांना नाल्याची वाट दाखवायला, आश्चर्य म्हणजे, माझा भाऊच गेला. एका रविवारी मीही गेले. उजाडताना धुक्यातून कळप आला, पुढे एक काळा नर. हरभऱ्यात शिरला तसा भाऊ सवयीनं ओरडायला निघाला आणि स्वतःच थांबला, कारण मुलगी मोजत होती.

"मग आता रस्ता नको तुला?" मी हळूच विचारलं.

"पाह्यजे ना. काहून नको?" तो म्हणाला. "पन हायेत तं हायेत. नाई असं कायले लिवाचं?"

काही महिन्यांनी पुरवणी अहवाल आला. त्यात काळविटं होती आणि त्यांच्यासाठी नाल्यापाशी रस्त्याखालून वाट सुचवली होती. मराठी मीच केलं, या वेळी एकही शब्द न गाळता. ते वाचायला जड झालं. रस्त्याचा निर्णय अजून व्हायचा आहे.

मध्यंतरी भावाकडे गेले तेव्हा ती म्हातारी माळाच्या कडेला भेटली. तिनं मला ओळखलं.

"ते खालून वाट करतो म्हनतात," ती म्हणाली, "तिथं पावसाळ्यात पानी भरून रायते. हरनं जातील काय त्याच्यातून?"

"मला नाही माहीत, मावशी."

"तूच तं लिवलं ना व बाई."

"मी फक्त मराठी केलं."

बकऱ्या पांगायला लागल्या होत्या, ती त्यांच्यामागे गेली.