शालनताईंची दोन बटणं

“ह्या हातानं आता टायपिंग व्हायचं न्हाई. बाईंना घरी बसवावं लागंल,” मॅनेजर म्हणाले. शालनताई शेजारीच बसल्या होत्या. अर्धांगवायूनं गेलेला उजवा हात मांडीवर ठेवून त्या स्क्रीनकडं बघत राहिल्या.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सांगलीहून मी माधवनगरच्या एका सूतगिरणीत कॉम्प्युटरच्या मेंटेनन्सला जायचो. गिरणीतून माल बाहेर पडताना ट्रकसोबत चलन द्यावं लागतं. ती चलनं शालनताई टाइप करायच्या. नवरा वारलेला, मुलगी शिकणारी. घर ह्याच नोकरीवर चालायचं.

“थोडे दिवस द्या, बघतो,” मी म्हणालो.

तेव्हा आमच्याकडं माउस नव्हता. फाइल सेव्ह करायची तर कंट्रोल दाबून धरायचं, त्याच वेळी लांबचं के दाबायचं, मग डी. दोन हातांचं काम. मी एक छोटा प्रोग्रॅम टाकला आणि त्यात मॅक्रो केले. मॅक्रो म्हणजे एकामागून एक दाबायची सगळी बटणं एकाच बटणात भरून ठेवायची. एफ सेव्हन दाबलं की गिरणीचं नाव, तारीख यांसकट कोरं चलन उघडायचं. पार्टीचं नाव, माल आणि ट्रकचा नंबर डाव्या हातानं भरायचा. एफ एट दाबलं की सेव्ह, प्रिंट, फाइल बंद.

“आवं दादा, हे तर लय सोपं झालं,” शालनताई म्हणाल्या. आजारपणानंतर त्या पहिल्यांदाच हसल्या. मलाही बरं वाटलं.

मग दसरा आला. पूजा झाली की मालकांनी प्रत्येक यंत्र स्वतःच्या हातानं एकदा चालवायचं, ही गिरणीची रीत. कॉम्प्युटरला हार घातला, नारळ फोडला. शालनताई नवी साडी नेसल्या होत्या. एक चलन आधीच भरून ठेवलं होतं.

“मालक, हितं दाबा,” त्या कौतुकानं म्हणाल्या.

मालकांनी एफ एट दाबलं. प्रिंटर करकरला, चलन बाहेर आलं.

“झालं?”

“व्हय, झालं.”

मालक मॅनेजरकडं वळले. “मंग ह्याला टायपिस्ट कशाला पायजे? गेटवरचा टाइमकीपर करंल की.”

खोबरं वाटणं चालू राहिलं.

मी मॅनेजरना बाजूला घेतलं. “साहेब, नाव-नंबर चुकला तर माल भलतीकडं जाईल.”

“मलाबी कळतंय. पर मालकांच्या तोंडून शब्द गेलाय.”

दिवाळी झाल्यावर शालनताईंना कमी केलं. टाइमकीपरला शिकवायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. तो दोन्ही हातांनी धडधाकट. शिकायला त्याला चहा संपेपर्यंतचाही वेळ लागला नाही.

तिथून शालनताईंच्या घरी गेलो. “दादा, दुसऱ्या कुठल्या हापिसात अशी बटणं बसवून द्याल का?” त्यांनी विचारलं. मी सांगलीत बऱ्याच ठिकाणी शब्द टाकला. एकच हात चालतो म्हटल्यावर पुढचं कुणी ऐकून घेईना. राग यायचा, पण करणार काय.

एवढंच शिकलो. माणसाचं काम सोपं करून द्यावं, पण ते किती सोपं झालंय हे मालकाला दिसू देऊ नये.