आठ पट्ट्यांचं गाणं

ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्यात माझ्या बायकोनं एका श्वासात 'आ' म्हटला, तो चार सेकंद टिकला. मी मोबाईलचं घड्याळ लावून मोजलं आणि वहीत लिहिलं. आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या मॅडम व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, याच्या तिप्पट तरी व्हायला पाहिजे.

तिच्या गळ्यातली थायरॉईडची गाठ काढली होती. गाठ साधी निघाली, तो घोर संपला. पण स्वरयंत्राच्या दोन पडद्यांपैकी एक पडदा सुस्त झाला. बोलायला गेली की निम्मा आवाज आणि निम्मी हवा. डॉक्टर म्हणाले, बहुतेकांचा आवाज परत येतो. कुणाचा तीन महिन्यांत, कुणाचा वर्षभरात, कुणाचा थोडा कमीच राहतो. मी विचारलं, शंभरात किती जणांचा येतो? ते म्हणाले, "तुमच्या मिसेस शंभर नाहीत, एकच आहेत. व्यायाम करून घ्या."

ती मोताळ्याजवळच्या एका खेड्यात सरकारी शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. एकोणीस वर्षं झाली. पहिली-दुसरी म्हणजे दिवसभर आवाजाचंच काम. पोरांना अजून वाचता येत नसतं, त्यामुळे लिहून काही सांगायची सोय नाही. उन्हाळ्यापर्यंत ती रजेवर होती; जूनच्या शेवटी शाळा उघडणार होती. तोवर आवाज आला नाही तर काय, हा घरातला एकच प्रश्न होता आणि त्याचं उत्तर तिनं आधीच ठरवून ठेवलं होतं. पाटीवर लिहून दाखवलं: "नाही आला तर राजीनामा. बिनआवाजाच्या बाईच्या हवाली पोरं करायची नाहीत."

पाटी शाळेतलीच होती. कुजबुजायला मनाई होती, त्यानं पडद्यावर उलट जास्त ताण येतो म्हणे. म्हणून सगळं पाटीवर. बोलताना ती आमच्यासारखंच मले-तुले म्हणते, पण पाटीवर शुद्ध लिहायची. मी वाचायला उशीर केला की चमच्यानं पाटी वाजवायची.

मॅडमनी व्यायाम दिला होता: दिवसातून तीन वेळा 'आ', मग ओठ मिटून गुणगुणणं, मग आवडीच्या गाण्याची एक ओळ. तिनं एक जुनं भावगीत निवडलं. शाळेच्या गॅदरिंगला दरवर्षी तेच म्हणायची. त्यातला तिसरा शब्द एकदम वर चढतो. तिथं गेली की आवाजाच्या जागी नुसता वारा यायचा. चार दिवस प्रयत्न केला. पाचव्या दिवशी तिनं पाटी पालथी घातली आणि व्यायाम बंद केला. त्या दिवसापासून मी वहीत आडवी रेघ मारत गेलो. शून्य लिहिलं नाही. शून्य म्हणजे मोजलं आणि काही निघालं नाही; इथं मोजलंच नव्हतं.

याच दिवसांत माझा मुलीशी वेगळाच वाद चालू होता. मुलगी अकरावीत आहे. तिला एक गायक आवडतो. आवडतो म्हणजे भिंतीवर तो, मोबाईलवर तो, जेवताना तोच. गेलं वर्षभर मी त्याच्यावर टीका करत होतो. मी गल्लीतल्या भजनी मंडळात पेटी वाजवतो, त्यामुळे सूर थोडेफार कळतात. मी म्हणायचो, "याले गाता येत नाही. पाच सुरांच्या वर जात नाही, आणि अर्धं गाणं तर माईक पुढं करून पब्लिकलेच म्हणायले लावते."

मुलगी म्हणाली, "मग सगळे काऊन ऐकतात?"

"जाहिरात. आणि कोण सगळे? तू आणि तुह्या चार मैत्रिणी."

"बाबा, तुम्ही घरातले चमचे मोजता. हे पण मोजा ना एकदा."

मला हे लागलं, कारण बोलणं बरोबर होतं. मी मोजल्याशिवायच बोलत होतो.

मी जिनिंगमध्ये वजनकाट्यावर असतो. कापसाची गाडी भरलेली येते तेव्हा एक वजन, खाली होऊन परत जाते तेव्हा दुसरं. हंगामात दिवसभर ट्रॅक्टर आणि मेटॅडोर रांगेत उभे असतात आणि बहुतेकांवर गाणी चालू असतात. मी आठ दिवस मोजलं. गाडी दोनदा आली तर एकदाच धरली. गाणं ओळखता आलं नाही तर मुलीला रेकॉर्ड करून पाठवलं. गाणं चालू असलेल्या एकशे चार गाड्या झाल्या. त्यातल्या एकोणपन्नास गाड्यांवर तो होता. उरलेल्या पंचावन्न बाकी सगळ्या गायकांत, भक्तिगीतांत आणि जुन्या गाण्यांत वाटल्या गेल्या. त्याला ऐकणाऱ्यांत वीस वर्षांचे होते आणि साठीचेही होते. या मोजणीत एक उणीव होती, तीही मी वहीत लिहून ठेवली: काट्यावर बायका येत नाहीत.

साठीचे म्हणजे रोहिणखेडचे एक चाचा. स्वतःचा ट्रॅक्टर स्वतः चालवतात, दाढी पांढरी. ट्रॅक्टर काट्यावर उभा करून ते खाली उतरले तरी गाणं चालूच होतं आणि तेही सोबत म्हणत होते. मी म्हटलं, "चाचा, तुमच्या वयात हे गाणं?"

"काऊन, वयाची पावती लागते का त्याले?"

"नाही, पण जुने गायक सोडून हा? याले गाता तरी येते का?"

चाचा टायरला टेकून उभे राहिले. "भाऊ, मी दिवसभर ट्रॅक्टरवर एकटा राह्यतो. जुन्या गायकायचं गाणं लागलं की मले चूप बसा लागते. उस्ताद लोक हायेत, त्यायच्या मधी मी काय तोंड घालू? हा पोट्टा कसा, दोन शब्द म्हनते आन् थांबते. मंग मी म्हनतो. त्याच्या गाण्यात मले जागा भेटते."

ते पुन्हा म्हणायला लागले. मी नीट ऐकलं. मूळ ओळीत 'मला' आहे, चाचा 'मले' म्हणत होते. चालीत काही फरक पडला नाही. मात्रा तितक्याच. मी वजनाची चिठ्ठी फाडून दिली तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही पन म्हनून पाहा. काट्यावर कोन ऐकते?"

त्या दिवशी घरी येऊन मी पेटी काढली. बायकोच्या भावगीताला खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत, काळ्या-पांढऱ्या धरून, अठरा पट्ट्या लागत होत्या. चाचा म्हणत होते त्या गाण्याला आठ. त्याची ओळ तीन सेकंदांची, आणि ओळ संपली की तेवढीच मोकळी जागा, जिथं फक्त ढोल वाजतो. पाच सूर ही माझी तक्रार खरीच होती. आठ पट्ट्यांत पाचच सूर बसतात. पण ती वहीत लिहिताना डाव्या पानावर माझं लक्ष गेलं. व्यायाम बंद पडण्याआधी मी बायकोचा आवाजही पेटीवर मोजला होता. तिचा आवाज न फुटता नऊ पट्ट्या चालत होता आणि चार सेकंद टिकत होता. गाणं थोडं खालून सुरू केलं तर ते तिच्या आवाजात पूर्ण बसत होतं, वर एक पट्टी शिल्लक.

मला आनंद झाला आणि आनंदात मी चूक केली. तिच्यासमोर वही ठेवली आणि म्हटलं, "हे पाहा. तुह्या आवाजात आता इतलंच बसते. म्हणून हे गाणं म्हण."

तिनं दोन्ही पानं वाचली. मग पाटी सरळ केली आणि सावकाश लिहिलं: "वर्षभर म्हणत होतात, याला गाता येत नाही. आता माझ्यासाठी तो चालतो?"

आकडे बरोबर होते, पण ते तिला असे ऐकू गेले की चांगलं गाणं आता तुझ्यासाठी नाही, हे हलकं घे. मी वही उचलली. मुलगी दारातून म्हणाली, "बाबा, तुम्ही ना, काट्यावरच बरे." बायको हसली, पण माझ्याकडे पाहून नाही.

मार्च गेला. वहीत आडव्या रेघाच होत्या. एकदा तिनं पाटीवर राजीनाम्याच्या अर्जाचा मजकूर लिहिला आणि मला शुद्धलेखन तपासायला दिला. तिच्या लिहिण्यात चूक कधीच नसते. मी म्हटलं, वेळ आहे अजून. तिनं बोटांवर महिने मोजून दाखवले: एप्रिल, मे, जून.

एप्रिलमध्ये आमच्या अंगणात पापड होते. गल्लीतल्या सात-आठ बाया सकाळीच पोळपाट घेऊन आल्या. सगळ्यांत मोठी बाई सत्तरीच्या पुढची, सगळ्यांत लहान माझी मुलगी. माझ्याकडे लाटलेले पापड ताटात घेऊन गच्चीवर वाळत घालायचं काम होतं. मुलीनं मोबाईल उलट्या पातेल्यावर ठेवून त्या गायकाचं तेच गाणं लावलं. मला वाटलं, आता कुणीतरी बंद कर म्हणेल. पण पहिली ओळ संपली, ढोल सुरू झाला आणि मोकळ्या जागेत सगळ्या बायांनी पुढचे शब्द म्हटले. सत्तरीच्या बाईनंसुद्धा. लाटणी थांबली नाहीत. माझ्या मोजणीतली उणीव तिथं अंगणात बसली होती.

मी तिसरं ताट घेऊन जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर होतो. सहा-सात आवाजांमध्ये एक खरखरीत आवाज मिसळला होता, जो मी व्यायाम बंद पडल्यापासून ऐकला नव्हता. मी वळलो. बायको खाली मान घालून पापड लाटत होती आणि म्हणत होती. चार शब्द. मग थांबून श्वास. मग पुन्हा चार शब्द. सगळ्याजणी एकदम म्हणत असल्यामुळे तिला तिचा आवाज वेगळा ऐकू येत नसावा. कसा निघतोय याची काळजी करायला वेळच नव्हता. माझे दोन्ही हात ताटाला गुंतलेले, मोबाईल काढता येईना. मनातच एक-दोन-तीन मोजलं.

सत्तरीच्या बाईच्या लक्षात आलं. ती म्हणाली, "मास्तरीनबाई, शाळा सुरू झाली म्हना की. मंग आमाले बी बसवा पहिलीत."

"तुमचं नाव नाही घ्यायची मी पटावर," बायको म्हणाली. तोंडानं म्हणाली, फाटलेल्या आवाजात, पण सगळ्यांना कळलं. बाया हसल्या. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "काय पाहून राह्यले? पापड वाकडे होतील. उन्हात न्या ना."

मी गच्चीवर जाऊन पापड पसरवले.

दुसऱ्या दिवसापासून व्यायाम सुरू झाला. गाणं तेच, पण मी सांगितलं म्हणून नाही. मुलगी पहिली अर्धी ओळ म्हणायची, आई दुसरी. मे महिन्यात मला पेटीवर बसवलं आणि मोकळ्या जागेत मलाही म्हणायला लावलं. तिथं मुलीनं माझा हिशेब केला: "बाबा तीन वेळा बेसूर." वहीत रेघा जाऊन आकडे आले. सहा. सात. सात. नऊ. मध्येच पुन्हा सात, तेव्हा सर्दी होती. जूनच्या मध्यात अकरा सेकंद आणि तेरा पट्ट्या झाल्या. भावगीताला अजून पाच कमी. मॅडम म्हणाल्या, बाकीच्याही येतील, घाई नको.

आता मुलीनं विचारलं, सगळे काऊन ऐकतात, तर मी जाहिरात म्हणणार नाही. जाहिरात असेलच, नशीबही असेल, आणि मोबाईल प्रत्येकाच्या हातात आहे. ते मी मोजलेलं नाही. मी मोजलं ते एवढंच: त्याच्या गाण्यात उतरायला फार मोठा आवाज लागत नाही, फार लांब श्वास लागत नाही, आणि त्याच्या पाळीनंतर ऐकणाऱ्याची पाळी येते. मोठ्या गळ्याचे गायक मला आजही जास्त आवडतात. त्यांना ऐकताना मी हात जोडतो. हा गायक मात्र हात जोडू देत नाही, कामाला लावतो. माईक पुढं करतो, हा त्याचा आळस आहे असं मी समजत होतो. रोहिणखेडच्या चाचांना, सत्तरीच्या बाईला आणि चार सेकंदांच्या माझ्या बायकोला एकाच गाण्यात जागा देणं हे सोपं काम नसावं. पाच सुरांत तर नाहीच.

शाळा उघडली त्या दिवशी मी तिला मोटरसायकलवर सोडायला गेलो. अर्जाचा मजकूर पाटीवरून केव्हाच पुसला होता, पण तिनं सांगून ठेवलं होतं: "आठ दिवस पाहीन. नाही जमलं तर नाही." गेटशी उतरताना पाण्याची बाटली घेतली, पदर सारखा केला आणि आत गेली. मला काट्यावर जायचं नव्हतं, हंगाम संपलेला. मी रस्त्याच्या कडेला गाडी लावून उभा राहिलो.

वर्गाची खिडकी रस्त्याकडे आहे, पण लांब. तिचा आवाज तिथवर येईना. काही वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग एकदम पोरांचा आवाज आला, कवितेची अर्धी ओळ, पूर्ण ताकदीनं. नंतर शांतता. मग पुन्हा पोरं, दुसरी अर्धी ओळ. पुन्हा शांतता. मी मोजायला लागलो. पोरं आठ वेळा म्हणाली. म्हणजे तीही आठ वेळा म्हणाली होती.