खळ्यावरचा वारा
बाजारात नवं सूप दिसलं की मला धानाच्या तुसाचा वास येतो. पवनचक्क्यांसाठी सिंदेवाहीजवळच्या एका गावात आम्ही वारा मोजणारा खांब रोवला होता. त्याच्या नोंदींवरून संगणक अख्ख्या भागातल्या वाऱ्याचा अंदाज बांधणार होता. पंधरा दिवस नोंद शून्यच, म्हणून संशय येऊन मी गेलो. खांबाशेजारच्या खळ्यावर एक बाई धान उपणत होती. "इथी वारा नाई जी भाऊ," ती म्हणाली, आणि तिच्याच सुपातलं तूस उडून माझ्या डोळ्यांत गेलं. डोळे चोळत वर पाहिलं, तर खांबावरच्या फिरत्या वाट्या दोरीने करकचून बांधलेल्या. "वारा सापडला तं जंगल तोडसान ना?" तिने विचारलं. मी दोरी सोडली नाही. आता आमच्या नकाशात कुठलाही बिनवाऱ्याचा भाग दिसला, की मी आधी तिथली दोरी शोधतो.