अंगठ्यावर, आठ मोजेपर्यंत

आज नवमी. आरती झाली, नैवेद्य दाखवला आणि वही उघडली. साक्षीबद्दल आज लिहून ठेवलंच पाहिजे.

साक्षी माझ्या दिरांची मुलगी, सतरा वर्षांची. अनसिंगहून आठवड्यातून तीनदा वाशीमला जाते, निकिता मॅडमकडं बॅले शिकायला. कडक टोकाचे बूट घालून पायाच्या बोटांवर उभं राहायचा तो नाच. पोरगी बोलायला कमी. राग आला तर भांडत नाही, कानाच्या पाळ्या लाल होतात आणि घासलेली भांडी पुन्हा घासत बसते.

गेल्या नवरात्रात ती देवीच्या मंडपात नाचली. बूट नवे, बोटं दुखत होती. म्हणून आदल्या दिवशी मीच हौसेनं, वातींसाठी पिंजलेला कापूस टोकात ठासून भरला. एकेका बुटात चांगला मूठभर. तिच्या बोटांना खालची फळीच कळली नाही. वर चढली, घोटा वळला आणि सगळ्यांसमोर धपकन बसली.

महिला मंडळाच्या अध्यक्ष भागिरथाबाई माइकवर होत्या. "अवं, हिले धड उभं राह्यता येत नाही अन् नाचाले निघाली! गाईच्या वासराले तं जल्मल्याबरोबर जमते बाप्पा!"

अख्खा मंडप हसला. साक्षीनं माझ्या कापसाचं नाव कुणाजवळ काढलं नाही. त्यानं माझा जीव जास्त जळाला. देवीपुढं बसून म्हणाले, माय, पुढच्या वर्षी हिला याच बाईच्या डोळ्यांपुढं उभी कर. दुसरं काही मागणार नाही.

मॅडमनी बूट पाहिले. "काकू, ही काय गादी भरली? बोटांना जमीन लागली पाहिजे." बूट कपाटात गेले. सहा महिने नुसती टाच वर, टाच खाली. खिडकीचे गज धरून आधी दोन्ही हातांनी, मग एका, मग दोन बोटांनी. तिचा घोटा करंगळीकडं लवायचा. मॅडम म्हणायच्या, वजन अंगठ्याकडं आण, पोट आत घे, गुडघा ताठ. दात घासतानाही पोरगी एका पायावर.

"मोठाई, मोज," ती मला सांगायची.

मॅडमना आठ मोजेपर्यंत हवं होतं; बूट परत निघाल्यावर ती तीनपर्यंतच टिकायची. मी म्हटलं, "कायले एवढा जीव मारून राह्यली?"

"मॅडम म्हणते, नजर एका जागी ठेव, मंग तोल जात नाही. मी नजरेसाठी भागिरथाकाकूचं कुंकू धरलं."

मी पुन्हा एकपासून मोजायला लागले.

काल अष्टमीला संध्याकाळी ती त्याच मंडपात उभी राहिली. भागिरथाबाई पहिल्या रांगेत. एक पाय टोकावर, दुसरा मागं, हात मोकळे. मी ओठांत मोजत होते. पाचला बाईंनी पदर सारखा केला. सातला पाणी मागितलं. साक्षीची नजर त्यांच्या कपाळावरून हलली नाही. आठ झाले, ती अकरापर्यंत राहिली. टाळ्या वाजल्या तेव्हा बाई चप्पल शोधत होत्या.

मला वाटलं, झालं. पण आज सकाळी बाई नातीला घेऊन दारात. पोरगी नऊ वर्षांची.

"साक्षे, इलेबी शिकव वं. कालपासून पाटावर चढून टाचा उचलून राह्यली."

साक्षीचे कान लाल. पण आवाज गोड. "शिकवतो ना काकू. नुसत्या टाचा उचलू. पण गज उंच पडतात इले. तुमी उभ्या राहा. हात असा सरळ धरा. हलवू नोका, पोट्टी पडन."

अध्यक्षबाई भर अंगणात हात पसरून उभ्या. नात त्यांच्या हाताला धरून वर, खाली. शेजारच्या बाया कुंपणापाशी येऊन थांबल्या.

"काकू, हात खाली आला."

"किती वेळ वं?"

"आठ वेळा अजून."

आठ झाले, मग पुन्हा आठ. बाईंचा हात थरथरायला लागला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

आज व्रताचा दिवस, खोटं लिहिणार नाही. मला फार बरं वाटलं. "बसा ना" म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "चहा ठेवते," आणि आत जाऊन गॅस अगदी बारीक केला.